बालपुस्तकांचे फिरते प्रदर्शन : खान्देशातील ग्रंथालयांसाठी एक दिग्दर्शन

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. मुलांना वाचायला काहीतरी नवे हवे, ते त्यांच्यासाठी लिहिलेले हवे आणि ते त्यांच्या हाती पडले पाहिजे, एवढी साधी जाण या दोन्ही उपक्रमांमागे होती. आज मराठीत मुलांसाठी नव्या पुस्तकांची वानवा नाही. पुण्या-मुंबईतील प्रदर्शनांत ती दिसतातही. तथापि यावल किंवा शिरपूरच्या मुलाला ती दिसण्याची सोय फारच थोडी आहे. ही उणीव भरून काढण्याचा एक कमी खर्चाचा व पारखलेला मार्ग म्हणजे नव्या बालपुस्तकांचे फिरते प्रदर्शन होय.

फिरत्या प्रदर्शनाची कल्पना सोपी आहे. अलीकडच्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली निवडक बालपुस्तके एका संचात एकत्र करायची, तो संच पेट्यांत भरून एका ग्रंथालयातून दुसऱ्या ग्रंथालयात पाठवायचा आणि प्रत्येक ठिकाणी आठवडाभर मुलांना ती पुस्तके हाताळू द्यायची. पुस्तकजत्रेत विक्री हा मुख्य हेतू असतो, फिरत्या वाचनालयात पुस्तके घरी दिली जातात. येथे या दोन्ही गोष्टी नाहीत. पुस्तक पाहणे, चाळणे, जागीच बसून वाचणे आणि आवडलेल्या पुस्तकाचे नाव सांगणे, एवढेच मुलाने करायचे असते. त्या नावांवरून पुढची खरेदी करणे हे ग्रंथालयाचे काम.

कपाटातील पुस्तक

अशा प्रदर्शनाची गरज का, हे समजण्यासाठी सर्वसाधारण वाचनालयातील बालविभागाकडे पाहावे लागते. लहान मुलांची बहुतेक मराठी चित्रपुस्तके सोळा किंवा चोवीस पानांची आणि मध्यभागी पिना मारलेली असतात. त्यांना कणा नसतो, त्यामुळे कण्यावर नावही नसते. अशी पुस्तके कपाटात उभी लावली की ती अक्षरशः नाहीशी होतात. काचेच्या दारातून मुलाला दिसतात ती जाड बांधणीची, पाठमोरी पुस्तके. जे पुस्तक त्याच्यासाठी काढले गेले ते त्याच्या नजरेसच पडत नाही.

दुसरी अडचण नोंदवहीची आहे. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक दाखलनोंद वहीत चढते आणि वार्षिक पडताळणीत ते जागेवर असावे लागते. हरवलेल्या वा फाटलेल्या पुस्तकाचा जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो आणि ते वहीतून कमी करण्यासाठी निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया करावी लागते. पातळ पुस्तके सर्वांत लवकर फाटतात. मग अल्प मानधनावर काम करणारा कर्मचारी कपाटाला कुलूप लावतो, यात त्याला दोष देता येत नाही. फिरत्या संचातील पुस्तके मात्र यजमान ग्रंथालयाच्या वहीत चढलेली नसतात. ती फाटतील हे गृहीत धरूनच संच तयार केलेला असतो. निदान आठवडाभर तरी कुलपाचे कारण उरत नाही, आणि पुस्तके खुली ठेवल्यावर नेमके काय होते हे ग्रंथपालाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. या प्रदर्शनाचे खरे महत्त्व येथे आहे.

तिसरा प्रश्न खरेदीचा. आर्थिक वर्षाच्या अखेरीस अनुदानातून पुस्तके घेताना निवड बहुधा यादीवरून आणि सवलतीच्या टक्क्यांवरून होते. पुस्तक न पाहताच ते विकत घेतले जाते. पाककृती, स्पर्धा परीक्षा आणि चरित्रांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. चित्रपुस्तकाचे मोल मात्र चित्रांत, कागदात आणि अक्षरांच्या आकारात असते, आणि यादीतील एका ओळीत यांपैकी काहीच दिसत नाही.

जुनी परंपरा

पुस्तकांनी वाचकाकडे जावे, हा विचार या परिसराला परका नाही. आजच्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात १९१० नंतर ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्यात फिरत्या ग्रंथालयांचा स्वतंत्र विभाग होता व लाकडी पेट्यांतून गावोगावी पुस्तके पाठविली जात. तमिळनाडूतील मन्नारगुडी येथे १९३१ मध्ये बैलगाडीतून पुस्तके खेड्यांत नेण्यात आली. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारा एस. आर. रंगनाथन यांचा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतील दोन नियम बालविभागाला विशेष लागू पडतात.

केवळ मुलांच्या पुस्तकांचे फिरते प्रदर्शन म्हणून जर्मनीतील उदाहरण प्रसिद्ध आहे. नाझी राजवटीत देश सोडावा लागलेल्या येला लेपमान युद्धानंतर परतल्या आणि त्यांनी अनेक देशांकडून बालपुस्तके मागवून १९४६ मध्ये म्युनिक येथे प्रदर्शन भरविले. पुढे ते इतर शहरांत गेले. त्यातूनच १९४९ मध्ये म्युनिकचे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले. उद्ध्वस्त शहरांत अन्न आणि निवारा यांची टंचाई असताना पुस्तकांचे प्रदर्शन कशाला, अशी शंका तेव्हाही घेता आली असती. त्या प्रदर्शनातून एक स्थायी संस्था निर्माण झाली, हे तिचे उत्तर होय.

भारतात १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने प्रदर्शन-वाहनांतून पुस्तके दूरवर नेली. त्यांची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला मराठीसह अनेक भाषांत आहे. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या 'ग्रंथाली'च्या वाचक चळवळीने ग्रंथयात्रा काढल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, असे तिचे स्वरूप आहे. शासनाच्या वतीने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सवही भरतात. मात्र ते बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी होतात आणि दोन-तीन दिवसांत संपतात. तालुक्याच्या ग्रंथालयापर्यंत पोहोचणारा व केवळ मुलांसाठी असलेला संच ही त्यांना जोड ठरू शकेल.

खान्देशातील मार्ग

ग्रंथालयांच्या बाबतीत खान्देशाचा वारसा मोठा आहे. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ पासूनचे आहे. धुळ्यात गरुड वाचनालय आहे, तसेच राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांनी हस्तलिखिते जपली आहेत. अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचे ग्रंथालय व मोफत वाचनालय आहे, तर चाळीसगावला शेठ नारायण बंकट वाचनालय. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर तालुक्यांत व खेड्यांत शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली. अ, ब, क, ड अशी त्यांची वर्गवारी असून अनुदान त्यानुसार मिळते. जळगाव जिल्ह्यात पंधरा व धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक यजमान ग्रंथालय मिळणे अवघड नाही.

प्रारंभी आठ मुक्कामांचा एक वळसा आखता येईल. भुसावळ, यावल, चोपडा, शिरपूर, धुळे, अमळनेर, धरणगाव आणि शेवटी जळगाव. यावल, चोपडा व शिरपूर ही गावे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर आहेत. शिरपूरहून धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्गाने जाता येते. अमळनेर, धरणगाव व जळगाव ही तिन्ही स्थानके सुरत-जळगाव लोहमार्गावर आहेत. कोणतेही दोन लगतचे मुक्काम लहान टेम्पोने अर्ध्या दिवसात गाठता येतात. त्यामुळे पेट्या एका ग्रंथालयाने सकाळी भरून दुसऱ्याने सायंकाळी उघडणे शक्य होते.

काळाची निवड हवामान आणि शाळा या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात मुलांना दुपारी ग्रंथालयात आणणे योग्य नाही. पावसाळ्यात वाहतुकीत पुस्तके भिजण्याचे भय असते आणि मार्च परीक्षांचा. म्हणून दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा हंगाम उत्तम. बालदिनी, १४ नोव्हेंबरला, भुसावळहून आरंभ करून प्रत्येक ठिकाणी एक आठवडा दिला तर १९ ते २५ डिसेंबर हा सहावा आठवडा अमळनेरचा येतो. साने गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला असते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जळगावचा समारोप होतो. ज्या वर्षी दिवाळीची सुटी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लांबते, त्या वर्षी आरंभ एक आठवडा पुढे न्यावा लागेल.

पुस्तकांची निवड

संचात दीडशे शीर्षके पुरेशी होतात. त्याहून अधिक पुस्तके असली तर मूल गोंधळते व पेट्याही जड होतात. वयोगट चार धरावेत : सहा वर्षांपर्यंतची मुले, सहा ते नऊ, नऊ ते बारा आणि त्यापुढील कुमार. पहिल्या दोन गटांना निम्म्याहून अधिक जागा द्यावी, कारण त्यांचीच पुस्तके कपाटात हरवतात. गोष्टींबरोबर विज्ञान, निसर्ग, इतिहास, हस्तकला आणि कविता यांचाही समावेश असावा. 'किशोर', 'वयम्', 'चिकूपिकू' अशा मासिकांचे अलीकडचे अंकही ठेवावेत. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघत आहे. आजच्या अनेक पालकांनी लहानपणी ते वाचलेले असते, त्यामुळे त्यांच्याशी बोलणे सुरू करायला तो अंक उपयोगी पडतो.

ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका, मनोविकास, राजहंस यांसारख्या प्रकाशनांच्या सूची निवडीच्या वेळी समोर ठेवाव्यात. साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. माधुरी पुरंदरे यांना तो २०१४ मध्ये मिळाला. आबा महाजन यांच्या 'आबाची गोष्ट'ला २०२० चा, संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला २०२२ चा, एकनाथ आव्हाड यांच्या 'छंद देई आनंद'ला २०२३ चा आणि भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ चा पुरस्कार मिळाला. अशी पुस्तके संचात असावीत. मात्र पुरस्कार मोठी माणसे देतात, हे लक्षात ठेवलेले बरे. पुरस्कारप्राप्त पुस्तकांवर वेगळी चिठ्ठी न लावता ती इतरांबरोबरच मांडावीत, म्हणजे मुलांचा कौल निर्भेळ मिळतो.

निवड समितीत ग्रंथपाल, प्राथमिक शिक्षक आणि पालक यांच्याबरोबर दोन-तीन मुलेही असावीत. एखादे पुस्तक केवळ बोधप्रद आहे म्हणून घेऊ नये आणि केवळ स्वस्त आहे म्हणून तर मुळीच घेऊ नये.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा

खान्देशात हा प्रश्न टाळता येत नाही. येथील अनेक घरांत अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलली जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर या पट्ट्यात पावरा व भिल्ल कुटुंबांतील मुले शाळेत आल्यावरच प्रमाण मराठीशी परिचित होतात. अशा मुलाला पहिल्या पानावर अनोळखी शब्दांची गर्दी दिसली की ते पुस्तक मिटते. त्याच्यासाठी केवळ चित्रांची, शब्दविरहित पुस्तके संचात अवश्य हवीत. त्यांतील गोष्ट मूल स्वतःच्या भाषेत सांगू शकते व कोणतीही भाषा तेथे कमी ठरत नाही.

रोज एक तास स्थानिक आजी-आजोबांनी किंवा शिक्षकांनी संचातील एखादे पुस्तक मुलांच्या बोलीत सांगावे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म जळगावजवळच्या असोद्याचा आणि बालकवी ठोमरे यांचा धरणगावचा. बोलीतून आणि इथल्याच शेतशिवारातून कविता उगवते, हे खान्देशातील मुलांना वेगळे सांगण्याची गरज भासू नये. या दोघांची पुस्तके त्या-त्या मुक्कामी स्थानिक ग्रंथालयाने आपल्या संग्रहातून काढून संचाशेजारी मांडावीत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावरील गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्याने त्या बोलीत उतरवून छापण्याची मुभा आहे. एखाद्या शाळेने यातून एक अहिराणी पुस्तिका जरी केली तरी ती पुढच्या वर्षीच्या संचात ठेवता येईल.

यजमानाची तयारी

यजमान ग्रंथालयाला मोठे दालन लागत नाही. मुक्तद्वार वाचनकक्षातील अर्धी जागा पुरते. मांडणी करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

पुस्तके उभी न लावता मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवावीत. भिंतीला दोऱ्या बांधून त्यांवर पातळ पुस्तके अडकविता येतात. टेबले दोन फुटांहून उंच नसावीत. ती नसल्यास सतरंजीवर पुस्तके पसरणे उत्तम. बसायला चटई, प्यायला पाणी आणि हात धुण्याची सोय प्रवेशापाशीच हवी. 'हात लावू नये' अशी पाटी कोठेही नसावी. प्रत्येक पुस्तकावर 'प्रदर्शन प्रत' असा शिक्का, अनुक्रमांक आणि वयोगटाचा रंगीत ठिपका असावा. पुस्तकाचे नाव, लेखक, चित्रकार, प्रकाशक व किंमत असलेली छापील सूची पालकांना द्यावी.

शाळांशी पत्रव्यवहार किमान तीन आठवडे आधी करावा. एका वेळी चाळीसच्या वर मुले घेऊ नयेत व त्यांना पूर्ण एक तास द्यावा. दिवसाला तीन तुकड्या धरल्या तर शाळेच्या सहा दिवसांत ७२० मुले प्रदर्शन पाहतात. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या मुलांना पहिले दिवस द्यावेत, म्हणजे पुस्तके कोरी असताना ती त्यांच्या हाती येतील. अनेकदा याच्या उलट घडते. सायंकाळची वेळ पालकांसह येणाऱ्या मुलांसाठी ठेवावी, रविवारी दिवसभर. उद्घाटन आवश्यक वाटल्यास ते पंधरा मिनिटांत आटोपावे, कारण भाषणे ऐकत बसलेल्या मुलाची पुस्तकांकडे धावण्याची इच्छा भाषण संपेपर्यंत टिकत नाही. मुलाने काय वाचले याची परीक्षा घेऊ नये व निबंधही लिहायला लावू नये.

खर्चाचा हिशेब

दीडशे पुस्तकांची सरासरी किंमत १२० रुपये धरली तर संच १८ हजार रुपयांचा होतो. आठ ग्रंथालयांत तो वाटला तर प्रत्येकी २,२५० रुपये येतात. झाकणाच्या पेट्या, वाहतूक व सूचीची छपाई हा खर्च त्यावर. संचाची मालकी जिल्हा ग्रंथालय संघाकडे किंवा एका मोठ्या ग्रंथालयाकडे ठेवावी. प्रकाशकांनी पाहणीसाठी प्रती दिल्यास खर्च आणखी उतरतो, परंतु मग निवडीचा अधिकार समितीकडेच राहील हे आधी स्पष्ट करून घ्यावे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून ग्रंथखरेदी, बालविभाग आदींसाठी साहाय्य मिळते. त्यासंबंधी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात चौकशी करता येते. स्थानिक पुस्तकविक्रेत्याला शेवटच्या दोन दिवशी बाहेरच्या ओसरीत विक्री करू द्यावी, मात्र प्रदर्शनाच्या दालनात नाही. ज्या मुलाच्या खिशात पैसे नाहीत त्याला आत संकोच वाटता कामा नये.

प्रत्येक मुक्कामी पेट्या उघडताना आणि बंद करताना दोन्ही ग्रंथपालांनी सूचीवर सह्या कराव्यात. फाटलेले पान तेथेच चिकटवावे. जी प्रत पार निकामी झाली तिची नोंद 'नुकसान' म्हणून न करता 'वापर' म्हणून करावी. वळसा संपल्यावर सर्वांत जास्त फाटलेल्या पुस्तकांची यादी ही खरेदीसाठी सर्वांत विश्वसनीय शिफारस ठरते.

प्रदर्शन गेल्यावर

प्रदर्शनाचे यश किती मुले आली यावर मोजले जाते व तेवढ्यावर अहवाल संपतो. खरे मोजमाप त्यानंतर सुरू होते. दाराशी एक पेटी ठेवून प्रत्येक मुलाने आवडलेल्या एका पुस्तकाचा अनुक्रमांक तीत टाकावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने पुस्तक दाखवावे, आकडा स्वयंसेवकाने लिहावा. आठवड्याअखेरीस पहिल्या वीस पुस्तकांची यादी फळ्यावर लागावी आणि मार्चपूर्वीच्या खरेदीत ती पुस्तके प्रत्येकी दोन प्रतींत घेतली जावीत. वरील सरासरीनेच पाहिले तर हा खर्च ४,८०० रुपयांचा आहे. पुस्तके आल्यावर शाळांना कळवावे. आपण टाकलेल्या चिठ्ठीमुळे पुस्तक आले, हे ज्या मुलाला समजते ते मूल ग्रंथालयाचे सभासद होण्याची शक्यता अधिक.

एवढे झाल्यावर त्या पुस्तकांना पुन्हा कुलूपबंद कपाटात ठेवले तर सारा खटाटोप वाया गेला. प्रदर्शनासाठी बांधलेल्या दोऱ्या तशाच राहू द्याव्यात व नवी पुस्तके त्यांवर अडकवावीत. वर्षातून काही पुस्तके फाटतील, एखाद-दुसरे हरवेलही. व्यवस्थापन समितीने आरंभीच ठराव करून एवढी तूट बालविभागासाठी मान्य केली, तर ग्रंथपालाला भीती राहणार नाही. पेट्या पुढच्या गावी निघून जातात. मागे उघडे फळे राहतात की पुन्हा कुलूप लागते, यावरच त्या आठवड्याचे मोल ठरते.